आधी निवडा, मग मांडा



धान्य निवडल्याशिवाय आपण ते दळायला देत नाही, आणि डबे पुसून हाताशी घेतल्याशिवाय फळीवर मांडत नाही. आधी निवडायचं आणि मग मांडायचं, हा क्रम आपल्या हातांना लहानपणापासून ठाऊक आहे. संगणकावर चित्र काढायला बसलं की मात्र पुष्कळजणी हा क्रम विसरतात. मांडायची घाई करतात आणि मग चित्र विस्कटलं म्हणून संगणकाला दोष देतात!

बोईसरच्या एका वसाहतीतून एका भगिनीचं पत्र आलं आहे. त्या लिहितात : "आमच्या महिला मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं निमंत्रण मी घरच्या संगणकावर करायला घेतलं आहे. साठ कार्डं आहेत आणि मंडळ मला पैसे देणार आहे. माझं हे पहिलंच पैशाचं काम. वारली पद्धतीच्या नाचणाऱ्या बायका काढल्या. पण एकीला उचलून बाजूला ठेवायला गेलं की धड जातं आणि डोकं जागेवरच राहतं! घरचे हसतात. दुसरं असं की, कार्डाच्या मधोमध वारल्यांच्या लग्नातला देवीचा चौक घालावा, असं मंडळातल्या काहीजणींचं म्हणणं आहे. घालू का?"

यातला पहिला प्रश्न हाताचा आहे, तो अर्ध्या तासात सुटेल. दुसरा मनाचा आहे. आधी पहिला घेऊ.

डोकं मागे का राहतं?

संगणकावर चित्र काढण्याचे दोन प्रकार आहेत. एक भिंतीवर रंगवल्यासारखा. रंग एकदा लागला की तो भिंतीचाच झाला, उचलता येत नाही. 'पेंट' नावाचा कार्यक्रम मुलं वापरतात, तो या जातीचा. दुसरा प्रकार पाटावर टिकल्या मांडल्यासारखा. प्रत्येक टिकली सुटी, केव्हाही उचलावी, फिरवावी, लहानमोठी करावी. छापखान्यात आणि फ्लेक्सच्या दुकानात दिसतो तो 'कोरलड्रॉ' या दुसऱ्या जातीचा. तो १९८९ मध्ये निघाला. तो विकत घ्यावा लागतो. घरच्या कामाला 'इंकस्केप' पुरेसा आहे. तो २००३ मध्ये निघाला आणि इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतो. पुढची सगळी माहिती इंकस्केपची आहे. कोरलड्रॉमध्ये काही कळा वेगळ्या आहेत, पण रीत तीच.

अशा कार्यक्रमात चित्रातल्या प्रत्येक सुट्या तुकड्याला 'ऑब्जेक्ट' म्हणतात. आपण त्याला सरळ 'नग' म्हणू. आता वारली पद्धतीची एक बाई मोजून पाहा. डोक्याचा गोल एक, अंबाड्याचा छोटा गोल एक, टोकाला टोक लावलेले त्रिकोण दोन, हातांच्या रेघा दोन, पायांच्या रेघा दोन. झाले आठ नग. आपल्या डोळ्यांना ती एक बाई दिसते. संगणकाला मात्र आठ वेगवेगळ्या वस्तू दिसतात. तुम्ही त्रिकोण धरून ओढलात, त्याने त्रिकोण हलवला. डोकं हलवा असं त्याला कोणी सांगितलंच नाही! अशा बारा बायका काढल्या की शहाण्णव नग होतात. शहाण्णव मणी दोऱ्याशिवाय ताटात ठेवले तर जे होईल, तेच या भगिनीच्या कार्डाचं झालं आहे.

निवडताना

डाव्या बाजूच्या पट्टीत सगळ्यात वर काळ्या बाणाचं चित्र असतं. निवडण्याचं काम याच बाणाने करायचं. एखाद्या नगावर एकदा टिचकी मारली की त्याच्याभोवती तुटक रेघांची चौकट येते आणि कडेला छोटे बाण दिसतात. म्हणजे तो नग निवडला गेला. त्याच नगावर पुन्हा टिचकी मारली की बाण वाकडे होतात. ते फिरवण्याचे. नवशिक्या बायका इथे गोंधळतात. लहानमोठं करायला जावं आणि नग गरकन फिरावा! तेव्हा बाण सरळ आहेत की वाकडे, हे आधी पाहावं.

एकाहून जास्त नग हवे असतील तर दोन मार्ग आहेत.

पहिला : शिफ्टची कळ दाबून धरायची आणि एकेका नगावर टिचकी मारत जायचं. चुकून नको तो नग आला, तर शिफ्ट धरूनच त्याच्यावर पुन्हा टिचकी मारावी, तो बाहेर पडतो. नग थोडे असतील तर हा मार्ग चांगला.

दुसरा : रिकाम्या जागेवर माउस दाबून तिरका ओढायचा आणि सगळ्या नगांभोवती चौकोन घालायचा. यात एक मेख आहे. जो नग पूर्णपणे चौकोनाच्या आत आला, तोच निवडला जातो. पायाचं टोक जरी बाहेर राहिलं तरी तो पाय सुटला म्हणून समजा. डोकी आणि पाय मागे राहतात ते बहुधा असे. म्हणून चौकोन घालताना हात जरा सैल ठेवावा. आणि ओढायला सुरुवात रिकाम्या जागेवरूनच करावी. नगावरून केली तर चौकोन पडण्याऐवजी नगच सरकतो. रिकामी जागाच नसेल तर शिफ्ट धरून ओढावं, म्हणजे खालचं काही हलत नाही.

आणि आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. पडद्याच्या अगदी खाली एक बारीक पट्टी असते. तिच्याकडे कोणी बघत नाही. किती नग निवडले गेले, त्याचा आकडा तिथे लिहून येतो. बाईचे आठ नग हवेत आणि आकडा सात आहे? मग काहीतरी सुटलं. नऊ आहे? शेजारणीचा हात आपल्यात आला! लग्नघरी भांडी परत करताना आपण मोजून घेतो ना, तसं हलवण्याआधी मोजावं. या एका सवयीने निम्मा त्रास वाचतो.

तरीही काही बिघडलंच तर कंट्रोल धरून झेड दाबावं. शेवटची कृती मागे घेतली जाते. पुन्हा दाबलं की त्याच्या आधीची. मीठ जास्त झालं तर भाजीतून काढता येत नाही. इथे मात्र येतं. तेव्हा भिऊ नका.

जुडी बांधा

आठही नग निवडून झाले, आकडा बरोबर आला, की कंट्रोल धरून जी दाबा. याला 'ग्रुप' करणं म्हणतात. मेथीच्या काड्यांची जुडी बांधावी, तशी ही जुडी. आता कुठेही धरून ओढा, अख्खी बाई डोक्यापासून पायापर्यंत एकदम हलेल. लहान केली तर सगळी प्रमाणात लहान होईल. बोईसरच्या भगिनीचं उत्तर खरं म्हणजे इथेच संपलं.

पण जुडीतल्या एकाच काडीचं काम निघालं तर? एकीचा हात थोडा वर उचलायचा आहे, एवढ्यासाठी जुडी सोडायला नको. कंट्रोल धरून त्या हातावर टिचकी मारावी, तेवढाच नग निवडला जातो. जुडी सोडायचीच असेल तर शिफ्ट आणि कंट्रोल दोन्ही धरून जी दाबावं. कोरलड्रॉमध्ये बांधायला कंट्रोल-जीच आहे, सोडायला मात्र कंट्रोल-यू.

जुड्यांचीही जुडी बांधता येते. एक बाई ही जुडी, बारा बायकांचं रिंगण ही मोठी जुडी, रिंगण आणि झाडं मिळून त्याहून मोठी. सोडताना मात्र बाहेरची गाठ आधी सुटते, मग आतली. त्यामुळे कुठली गाठ कुठे आहे हे ध्यानात ठेवावं आणि उगाच गाठीवर गाठ मारू नये.

आता मांडा

एका बाईच्या बारा बायका करायला पुन्हा पुन्हा काढत बसायचं नाही. जुडी निवडून कंट्रोल धरून डी दाबलं की तिची प्रत निघते. ती नेमकी पहिलीच्या अंगावर बसते, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. वाटलं म्हणून सात-आठ वेळा कळ दाबत सुटू नका. एकावर एक बसलेल्या बायका मग दिसत नाहीत.

ओळीत मांडायच्या असतील, म्हणजे कार्डाच्या खालच्या काठाला, तर पहिली डाव्या टोकाला ठेवा, शेवटची उजव्या टोकाला, आणि मधल्या अदमासे मध्ये सोडून द्या. मग सगळ्या निवडून ऑब्जेक्टच्या यादीतून 'अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट' उघडा. अलाइन म्हणजे एका रेषेत आणणं. सगळ्यांचे पाय एका पातळीवर येतात. डिस्ट्रिब्यूट म्हणजे अंतर सारखं वाटणं. पहिली आणि शेवटची जागेवर राहतात, मधल्या सारख्या अंतराने उभ्या राहतात. पंगतीला पाट मांडताना आपण डोळ्यांनी करतो, तेच काम.

एक गोष्ट तिथे जरूर पाहावी. कशाच्या मानाने रेषेत आणायचं, ते ठरवण्याची एक छोटी यादी त्याच खिडकीत असते. पानाच्या मानाने, सगळ्यात मोठ्या नगाच्या मानाने, आधी निवडलेल्याच्या किंवा शेवटी निवडलेल्याच्या मानाने. डबे फळीच्या कडेला लावायचे की मोठ्या डब्याच्या कडेला, हे ठरवल्याशिवाय ओळ कशी लागणार? कार्डाच्या मध्यावर काही आणायचं असेल तर 'पान' निवडावं.

आणि रिंगण? वारली चित्रातला तारपा नाच आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. मध्ये तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून फिरणारी साखळी. ही साखळी हाताने मांडायला गेलं तर डोळे दुखायला लागतील. तिची युक्ती अशी. एक बाई जुडी करून तयार ठेवा. कंट्रोल-डी अकरा वेळा दाबा, म्हणजे एकाच जागी बारा झाल्या. या वेळी एकावर एक बसल्या तर बसू द्या. शेजारी एक मोठं वर्तुळ काढा. आता चौकोन ओढून बाराही बायका निवडा, खाली आकडा बारा आला का पाहा, आणि शिफ्ट धरून वर्तुळावर शेवटची टिचकी मारा. ऑब्जेक्टच्या यादीत 'अरेंज' आहे, त्यात 'पोलर कोऑर्डिनेट्स' असं पान आहे. तिथे 'शेवटी निवडलेल्या वर्तुळावर' हा पर्याय घेऊन, नग फिरवण्याच्या चौकटीत खूण करून, 'अरेंज'ची कळ दाबा. बारा बायका रिंगणात उभ्या! त्या आडव्या पडलेल्या दिसल्या तर कंट्रोल-झेडने मागे या, एकीलाच ९० अंशांत फिरवून घ्या आणि तिच्या प्रती काढून पुन्हा मांडा. काम झालं की वर्तुळ पुसून टाका. साखळी एका बाजूला उघडी हवी असेल तर पूर्ण वर्तुळाऐवजी कमान काढावी.

वर काय, खाली काय

पाटावर ताट आणि ताटात वाटी. उलटं केलं तर जेवणार कसं? चित्रातल्या नगांचंही तसंच असतं. प्रत्येक नग कोणाच्या तरी वर किंवा खाली असतो. गेरूच्या रंगाची जमीन तुम्ही शेवटी काढलीत, तर ती सगळ्या पांढऱ्या बायकांना झाकून टाकते. तिला निवडून 'एंड' ही कळ दाबा, ती सगळ्यांच्या तळाशी जाते. 'होम' दाबलं की नग सगळ्यांच्या वर येतो. 'पेज अप' आणि 'पेज डाउन' यांनी तो एकेक पायरी वरखाली होतो.

जमीन तळाशी गेली की तिला कुलूप घाला. 'लेयर्स अँड ऑब्जेक्ट्स' या खिडकीत प्रत्येक नगाच्या नावापुढे कुलपाचं छोटं चित्र असतं, त्यावर टिचकी मारायची. नाहीतर होतं काय, की बायकांभोवती चौकोन ओढायला जावं आणि दर वेळी जमीनच सरकावी. कुलूप घातल्यावर ती हलत नाही आणि चौकोनही बिनघोर पडतो.

चौक घालू का?

आता दुसरा प्रश्न. मी म्हणेन, घालू नका. का, ते सांगते.

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. तारापूरला अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, पुढे कारखाने आले, आणि नवऱ्यांच्या नोकऱ्यांमागून आपल्यापैकी कितीतरी जणी या भागात येऊन राहिल्या. पण ही चित्रं इथे आपल्या फार आधीपासून आहेत. आणि ती काढणाऱ्या कोण होत्या? आपल्यासारख्याच संसारी बायका. वारल्यांच्या घरी लग्न निघालं की शेणामातीने सारवून गेरूने रंगवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. ब्रश कसला, तर बांबूची काडी चावून मऊ केलेली. चौकटीच्या आत पालघट देवी असते. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही, अशी त्यांची रीत आहे.

ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली ती १९७० नंतरच्या दशकात. भास्कर कुलकर्णी यांनी वारल्यांच्या पाड्यांवर जाऊन कागद आणि रंग दिले. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी कागदावर शेतं, मासेमारी, नाच, मुंग्या, असं सगळं जग उभं केलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. कागदावर आल्यामुळेच ही चित्रं जगभर गेली, आणि आज आपण ती हौसेने कार्डावर काढू शकतो, हे खरं. पण शेत किंवा नाच कागदावर आणणं वेगळं आणि देवीचा चौक निमंत्रणावर छापणं वेगळं.

कार्डाचं पुढे काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. चार दिवस फ्रिजवर, मग रद्दीत, नाहीतर त्यावर शेंगांची टरफलं. लग्नपत्रिकेवरचा गणपती टाकताना आपलाही हात अडखळतो. कोणी तो कापून ठेवतं, कोणी विसर्जनाला बाजूला काढतं. मग दुसऱ्या कोणाची लग्नातली देवी आपल्या हातून केराच्या टोपलीत का जावी? मंडळाच्या सभासदांपैकी किंवा त्यांच्याकडे कामाला येणाऱ्यांपैकी कोणी वारली बाई असेल, तर ते कार्ड हातात घेऊन तिला काय वाटेल? संगणकात कंट्रोल-डी दाबून बारा नाचणाऱ्या बायका कराव्यात. नाच बारा जणींचाच असतो. पण देवीच्या प्रती काढून कार्डाचे चार कोपरे भरायचे, हे आपल्यालाच शोभणार नाही.

कार्डाला दुसरं पुष्कळ आहे. तारप्याचं रिंगण तर संक्रांतीला फारच छान दिसेल. भात लावणाऱ्या बायका, ताडाची झाडं, विहीर, कोंबड्या, बैलगाडी घ्या. मधोमध रिंगण, रिंगणाच्या आत हळदीकुंकवाची वेळ आणि स्थळ. याहून देखणं कार्ड कोणतं?

दोन व्यवहाराच्या गोष्टीही सांगते. एखाद्या कलावंताच्या चित्राचा फोटो काढून त्यातल्या आकृत्या तशाच उचलू नयेत. त्यांचं चित्र हवं असेल तर त्यांना विचारून, पैसे देऊन घ्यावं. आणि वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तेव्हा आपण संगणकावर केलेल्या कामावर 'अस्सल वारली चित्र' असं छापून विकू नये. 'वारली चित्रांवरून' एवढं म्हणावं. पहिल्या कमाईचा पैसा स्वच्छ असावा, म्हणजे पुढचं काम मागताना मान वर राहते.

छापायला देताना

कार्ड पुरं झालं की मूळ फाइल आपल्याजवळ जपून ठेवा आणि तिची एक प्रत करा. प्रतीमध्ये सगळा मराठी मजकूर निवडून पाथच्या यादीतलं 'ऑब्जेक्ट टू पाथ' करा. म्हणजे अक्षरांची चित्रं होतात. हे केलं नाही आणि तुम्ही वापरलेला टाइप छापखान्यात नसला, तर जोडाक्षरं तुटतात, आणि 'निमंत्रण'चं काय होईल ते सांगता येत नाही. पण एकदा चित्र झालं की शब्द सुधारता येत नाही. म्हणून शुद्धलेखन, तारीख आणि वेळ आधी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावी. मग ती प्रत पीडीएफ करून द्यावी. साठच्या साठ छापण्याआधी एक कार्ड छापून आणावं, उजेडात धरून पाहावं. पडद्यावरचा गेरू कागदावर बऱ्याचदा काळपट उतरतो.

फळीवर चिकटवून ठेवण्यासारखं

आधी निवडा. खालच्या पट्टीवर आकडा पाहा. एका बाईचे सगळे नग आले की जुडी बांधा. जमीन तळाशी घालून कुलूप लावा. रेषेत आणताना कशाच्या मानाने, ते ठरवा. बिघडलं तर कंट्रोल-झेड आहेच.

दुपारची कामं आटोपल्यावर अर्धा तास काढून एक बाई, एक ताड आणि एक कोंबडी एवढंच काढून पाहा. कोंबडीचे नग किती झाले, ते मला जरूर कळवा. पुढच्या वेळी पापड-मसाल्याच्या पाकिटांसाठी घरच्या घरी चिठ्ठी कशी करायची, ते पाहू.